अभ्रकाचं घर

(डोनेगल, आयर्लंडचं पार वरचं टोक. मॅनस गवंडी मुलीच्या, ब्रोनाच्या, घराच्या पाठच्या भिंतीशी उभा आहे. सोबत ह्यूई, जन्मभर त्याला माल कालवून दिलेला गडी. पाऊस नाही, पण वाऱ्याला दयामाया म्हणून नाही.)

ह्यूई : बोट नको घालूस रे त्या भेगेत. रोज घालतोस आणि रोज तोंड असं करतोस, जसं काही पहिल्यांदाच कळतंय.

मॅनस : परवा एवढं जात नव्हतं. परवा पेरापर्यंत गेलं होतं. आता बघ, अख्खं.

ह्यूई : रात्रीचा वारा. माझ्याकडं तर खिडकीखालचा सिमेंटचा ब्लॉकच सुटून बाहेर आला. नुआला म्हणते, राहू दे, मांजराला ये-जा करायला बरं पडेल.

मॅनस : हसतोस काय मेल्या?

ह्यूई : मग काय करू? रडून झालंय माझं. तुझंच राहिलंय.

मॅनस : हे बघ. कसं चमचमतंय. अभ्रक. ओलं झालं की फुगतं, फुगलं की फोडतं. मुठीत धरलं की वाळू. आणि मी यावर गिलावा केला! दोन हात, वर रंग, वर पाद्रीबाबांचा आशीर्वाद.

ह्यूई : इंजिनियर काय म्हणाला ते सांग आधी.

मॅनस : दुहेरी भिंतीतली बाहेरची तेवढी काढा म्हणतो. आतली ठेवा. सरकारी मदत मिळेल ती बाहेरच्या भिंतीपुरती.

ह्यूई : आणि आतली?

मॅनस : आतली चांगली आहे म्हणे. दोन भोकं पाडली, नमुना तपासायला नेला, तिकडून कळलं, आतली चांगली.

ह्यूई : अरे, पण आतले नि बाहेरचे ब्लॉक एकाच ट्रकमधून आले. मी उतरवले. ट्रकच्या मध्ये काय पडदा लावला होता का, अलीकडं चांगले नि पलीकडं सडके?

मॅनस : मला कशाला सांगतोस? रचले कोणी? संपले बाहेरचे की आतल्या ढिगातले घ्यायचो, आतले संपले की बाहेरचे.

ह्यूई : मग इंजिनियरला सांगितलं नाहीस?

मॅनस : सांगितलं. म्हणतो, काका, मला नमुन्यावर जावं लागतं, आठवणीवर नाही. चांगला मुलगा आहे. डोळे वर करून बोलत नव्हता.

ह्यूई : तुला कसं माहीत आतली गेली ते? गिलावा आहे, वर बोर्ड आहे.

मॅनस : काल ब्रोना कामावर गेली होती. नातीच्या, ओर्लाच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि मागचा बोर्ड कापून बघितला.

ह्यूई : मग?

मॅनस : मग काय. परत बसवला. कपाट होतं तिथं लावलं.

ह्यूई : बोट गेलं?

मॅनस : गेलं.

ह्यूई : ब्रोनाला बोललास?

मॅनस : आता बोलतो. शुक्रवारच्या आत तिनं इंजिनियरला कळवायचंय, बाहेरची भिंत बदलायची की सगळं पाडून नवं बांधायचं. मी सगळं ठरवलंय तिच्यासाठी. पाडायचं आणि लाकडात बांधायचं.

ह्यूई : कशात?

मॅनस : ऐकू आलंय तुला.

ह्यूई : देवा रे. मॅनस मॅक्गोनिगल लाकडात बांधणार! लाकडी घरात कोंबड्या राहतात, हे वाक्य मी तुझ्या तोंडून किती लग्नांत, किती मयतींत ऐकलंय, माहीत आहे?

मॅनस : कुचकेपणा पुरे. क्लॉनमनीला जाऊन एक घर बघून आलो. सगळा सांगाडा लाकडाचा, मध्ये लोकर भरल्यासारखं काहीतरी, बाहेरून फळ्या. भिंतीवर ठोकून बघितलं तर रिकाम्या पिंपासारखी वाजते. पण ऊब होती, खोटं कशाला बोलू? घरातली बाई चहा देत म्हणाली, तुम्हीच ना माझ्या बहिणीचं घर बांधलंत?

ह्यूई : तिच्या बहिणीचं? ते तर...

मॅनस : हो. तेच. टेकू लावलेत त्याला. आणि ही मला केक वाढते! अजून एक घ्या, म्हणते. मला वाटलं, बाई, भांडं फेकून मार ना मला.

ह्यूई : का मारील? ब्लॉक काय तू ओतलेस? खाणीतून आले.

मॅनस : लोकांना खाणीवाला नाही दिसत. त्यांच्या अंगणात मी होतो, थापी घेऊन.

ह्यूई : तो अजून येतो ना तुमच्या चर्चला?

मॅनस : येतो. माझ्या मागच्या बाकावर बसतो. प्रार्थनेत एकमेकांना शांती देताना हात पुढं करतो.

ह्यूई : आणि तू देतोस हात?

मॅनस : देतो. नाही दिला तर काय ब्लॉक घट्ट होणारेत?

ह्यूई : तेही खरंच. ही बघ आली तुझी लेक. मी सटकतो.

ब्रोना : सटकताय कुठं ह्यूई? चहा घ्या. तुमचं घर कसं आहे?

ह्यूई : उभं आहे बाई. माझ्यासारखंच, नुसतं सवयीनं. चहा नको, नुआला वाट बघतेय, एकटीला आत बसायला भीती वाटते तिला. मॅनस, नीट बोल पोरीशी. आधी ऐक, मग बोल. उलटं करू नकोस.

ब्रोना : काय झालं? ह्यूई असं का म्हणाले?

मॅनस : म्हातारा झालाय. बडबडतो. ब्रोना, इकडं ये, वाऱ्याच्या आडोशाला ये. मला बोलायचंय तुझ्याशी.

ब्रोना : मलाही बोलायचंय, डॅडी.

मॅनस : माझं आधी. हे बघ, बाहेरची भिंत बदलायचा विचार सोडून दे. ती सोय नाही, थट्टा आहे. आपल्याकडची भिंत दुहेरी. बाहेरची नवी केली आणि आतली...

ब्रोना : आतली गेलीय. माहीत आहे.

मॅनस : कसं?

ब्रोना : काल ओर्लाच्या कपाटामागची धूळ पुसलीत तुम्ही. डॅडी, हे घर बांधलंत तेव्हा आठवडाभर मी झाडत होते तुमच्या मागनं. तुम्ही धूळ पुसली म्हणजे काहीतरी लपवायचं होतं.

मॅनस : लपवणार नव्हतो गं. आत्ता सांगणारच होतो.

ब्रोना : आमच्या खोलीत मी स्वतः बघितलं होतं, नाताळच्या आधी. कॉर्मक म्हणाला, तुझ्या वडिलांना नको सांगूस, त्यांचा सण जाईल.

मॅनस : म्हणजे नाताळला मी टर्की कापत होतो तेव्हा तुम्हा दोघांना माहीत होतं.

ब्रोना : हो.

मॅनस : आणि मी त्या टेबलाशी उभा राहून म्हणालो, चला, निदान आतली तरी शाबूत आहे.

ब्रोना : हो. आणि मम्मीनं टाळ्या वाजवल्या.

मॅनस : अरे देवा.

ब्रोना : जाऊ द्या ते. आता माझं ऐकाल का?

मॅनस : थांब. आधी सगळं ऐकून घे, मग नाही म्हण. आपण पाडू. तळापासून. आणि लाकडात बांधू. मी बघून आलो, विचारून आलो. छपराच्या पाट्या दगडी आहेत, चांगल्या आहेत, त्या मी एकेक उतरवून रचून ठेवतो, एकही फुटणार नाही. खिडक्या वाचतील. दारं वाचतील. सांगाडा तयार येतो, चार दिवसांत उभा करतात पोरं. मला फक्त बघत बसायचं. मी काही बोलणार नाही त्यांना.

ब्रोना : तुम्ही बोलणार नाही?

मॅनस : थोडं बोलेन. आणि बाहेरून फळ्या लावू, तुला हव्या होत्या तशा. लार्च लाकडाच्या. रंग न देता ठेवायच्या, रुपेरी होतात, असं तूच सांगत होतीस. चित्र आणलं होतंस, आठवतं? लग्नाआधी. मासिकातलं कापून.

ब्रोना : आठवतं.

मॅनस : आणि मी काय म्हणालो तेही आठवत असेल.

ब्रोना : डॅडी, नका ना.

मॅनस : माझ्या जमिनीवर खोकं उभं राहणार नाही, म्हणालो. जागा हवी असेल तर ब्लॉकचं घर. कॉर्मक बिचारा डेरी शहरातून भाव काढून आला, तिकडचे ब्लॉक घेऊ म्हणाला. तेही नाही. ज्या खाणीवाल्यानं माझ्या आईच्या शवपेटीला खांदा दिला, त्याला सोडून बाहेरून ब्लॉक आणायचे? गाव काय म्हणेल? त्याच्या खाणीतले ट्रक आमच्या दारावरून दुसऱ्याकडं जाणार, आणि आमच्याकडं परक्याचा येणार? असं कुणी करतं का आपल्यात?

ब्रोना : कुणीच केलं नाही. म्हणून सगळ्यांची घरं गेली. यात तुमचं एकट्याचं काय आहे?

मॅनस : माझं आहे ते माझं मला ठाऊक. तू फक्त हो म्हण. लाकूड म्हण, ब्लॉक म्हण, काच म्हण. कागदाचं हवं असेल तर कागदाचं बांधू. शुक्रवारी सांगून टाकू.

ब्रोना : मी आज सांगितलं.

मॅनस : काय सांगितलंस?

ब्रोना : इंजिनियरला फोन केला दुपारी. पाडायचं, म्हटलं.

मॅनस : शाब्बास! मग काय तर! मी तेच म्हणतोय की. आणि बांधायचं कशात सांगितलंस?

ब्रोना : कशातच नाही.

मॅनस : म्हणजे?

ब्रोना : आम्ही बांधत नाही, डॅडी.

मॅनस : यंदा नाही म्हणतेस? ठीक आहे. यंदा घाई होईल. तोवर आमच्याकडं या, वरची खोली...

ब्रोना : यंदा नाही आणि पुढंही नाही. आम्ही स्कॉटलंडला जातोय, ग्लासगोला. कॉर्मकला तिथं कायमचं काम मिळालंय. त्याच्या आत्याचा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. पोरांची शाळा ईस्टरनंतर तिथं.

मॅनस : फ्लॅट.

ब्रोना : हो.

मॅनस : दुसऱ्याच्या डोक्यावर नि दुसऱ्याच्या पायाखाली. माझी नातवंडं जिन्यात खेळणार.

ब्रोना : खेळू देत. जिना दगडी आहे.

मॅनस : ब्रोना, माझा बाप बटाटे काढायला स्कॉटलंडला गेला. गोठ्यात झोपायचे, गुरांच्या शेजारी. मी गेलो बोगदे खणायला, अजून कानात आवाज आहे त्याचा. मी परत आलो ते एवढ्यासाठी, की माझ्या पोरांना ती स्कॉटलंडची बोट पकडायला लागू नये. हे घर त्यासाठी होतं. राहायला नव्हतं नुसतं. इथं धरून ठेवायला होतं तुला.

ब्रोना : माहीत आहे मला.

मॅनस : मग जातेस कशी?

ब्रोना : कारण मी दमलेय, डॅडी! वारा सुटला की मी रात्रभर भिंतीचा आवाज ऐकत पडते. वाळू पडते हो आत, पोकळीत, बारीक. उंदीर चालल्यासारखी. धाकट्या डॅराला अंगावर घेऊन दाराजवळ झोपते, पळायला बरं म्हणून. आणि ओर्ला सायकलचं हेल्मेट घालून झोपते. माहीत होतं तुम्हाला?

मॅनस : हेल्मेट?

ब्रोना : दोन महिने. पट्टा हनुवटीखाली बांधून. सकाळी गालावर वळ असतात. शाळेत बाईंनी विचारलं, कुणी मारतं का घरी.

मॅनस : मला का नाही सांगितलंस?

ब्रोना : सांगून तुम्ही काय केलं असतं? आणखी एक टेकू लावला असता.

मॅनस : म्हणून तर म्हणतो, नवं बांधू. लाकडाचं हलकं असतं, पोरीला समजावून सांगू, हे नाही पडत. तिच्यासमोर बांधू. मी तिला एकेक खांब दाखवीन. आजोबांनी तपासलाय म्हणून सांगीन.

ब्रोना : ते नका सांगू तिला.

मॅनस : का नको?

ब्रोना : राहू द्या.

मॅनस : का नको, म्हणतो ना मी?

ब्रोना : डॅडी, थंडी आहे. आत चला.

मॅनस : मी हलत नाही इथून. काय म्हणाली पोर?

ब्रोना : गेल्या महिन्यात ग्लासगोला कॉर्मकच्या आत्याकडं राहून आलो ना आम्ही, तेव्हाची गोष्ट. घरात शिरल्याबरोबर ती भिंतीपाशी गेली. बोट लावलं. दाबलं. जोर लावून दाबलं, नखानं खरवडलं. काही पडलं नाही. मग मला विचारलं, ही कुणी बांधलीय?

मॅनस : मग?

ब्रोना : मी म्हटलं, माहीत नाही बाळा, फार जुनी आहे. तर म्हणाली, आजोबांनी नाही ना बांधली? मी म्हटलं, नाही. मग तिनं हेल्मेट काढलं, खुंटीला लावलं आणि झोपली. सकाळी दहाला उठली, डॅडी. दहाला.

मॅनस : असं म्हणाली.

ब्रोना : सात वर्षांची आहे ती. तिला काय कळतं?

मॅनस : कळतं की. तिला एकटीलाच कळलं. बाकी अख्खा गाव मला केक खाऊ घालतोय.

ब्रोना : तिचा जीव आहे तुमच्यावर. तुम्हाला माहीत आहे.

मॅनस : जीव आहे गं. पण झोप नाही ना येत माझ्या भिंतीत.

ब्रोना : मी सांगायला नको होतं.

मॅनस : बरं केलंस. कुणीतरी म्हणायला हवंच होतं. तुला सांगू, चाळीस वर्षं ओळंबा लावून काम केलं. एक भिंत वाकडी नाही काढली. त्या क्लॉनमनीच्या रस्त्यानं परवा गाडी चालवत होतो, दोन्ही बाजूंना माझीच घरं. टेकू, पत्रे, प्लास्टिक. पण सगळी ओळंब्यात. सरळच्या सरळ मरतायत. आणि मला वाटलं, मी कशाला जगलो? शेतात बटाटे लावले असते तर निदान लोकांनी खाल्ले असते.

ब्रोना : असं नका बोलू. मला जायचंय हो, आणि तुम्ही असं बोलता. मी कशी जाऊ?

मॅनस : जा. तू जा. मी अडवत नाही. अडवायला माझ्याकडं काही उरलंय का? मघाशी लाकूड लाकूड करत होतो, वेड्यासारखं. तुझ्या मनातलं ऐकलंच नाही.

ब्रोना : उन्हाळ्यात येऊ आम्ही. सगळे. तुमच्याकडं राहू.

मॅनस : या. पण आमचं घरही मीच बांधलंय, ब्रोना.

ब्रोना : ते आधीचं आहे. तेव्हाचे ब्लॉक चांगले असतील.

मॅनस : असतील. तपासलेलं नाही. तुझी आई तपासू देत नाही. म्हणते, मला नको कळायला.

ब्रोना : मम्मीला मी सांगू का? ग्लासगोचं?

मॅनस : मी सांगतो. माझ्यावर ओरडेल, ते बरं. तुझ्यावर ती ओरडणार नाही, नुसती इस्त्री करत बसेल रात्रभर. पाडायला कोण येणार आहे?

ब्रोना : मशीन येईल. इंजिनियर म्हणाला, एक दिवसाचं काम.

मॅनस : मशीन नको. मी काढतो.

ब्रोना : डॅडी, तुमचा खांदा बघा. डॉक्टर काय म्हणाले?

मॅनस : याला खांदा लागत नाही पोरी. तूच बघतेस ना. ह्यूईला घेतो सोबत. छपराच्या पाट्या कुणाच्या तरी कामाला येतील, खिडक्या येतील. मशीन सगळ्याचा चुरा करतं. वरपासून खाली उतरत येतो, जसं चढवलं होतं तसं. तुम्ही गेल्यावर. पोरांच्या समोर नाही.

ब्रोना : बरं.

मॅनस : पाया ठेवतो.

ब्रोना : काय?

मॅनस : पाया. तो बघ, चांगला आहे. चांगला असणार. खोल घेतलाय मी, कुणी घेत नाही एवढा. त्याला भेग नाही कुठं. मोरी आहे, पाण्याची नळी आलेली आहे, विजेचं आहे. वर झाकून ठेवला की बसतो वर्षानुवर्षं. खायला काय मागतो? उद्या डॅरा मोठा झाला, त्याला वाटलं...

ब्रोना : डॅडी.

मॅनस : मी तुझ्याबद्दल म्हणत नाही. तू जा. डॅराबद्दल म्हणतो. लाकडाचं बांधील तो. बांधू दे. मी असेन नसेन.

ब्रोना : पायाही काढा.

मॅनस : पाया कशाला काढायचा गं?

ब्रोना : तो राहिला तर तुम्ही रोज इथं येऊन उभे राहाल. मम्मी मला फोनवर सांगेल, डॅडी पायावर आहेत. आणि मी तिथं तिसऱ्या मजल्यावर बसून रोज रात्री त्याच्यावर घर बांधीन. मला नाही जमणार ते. मला तिथं राहता आलं पाहिजे, डॅडी.

मॅनस : सगळाच?

ब्रोना : सगळाच.

मॅनस : मोरीसुद्धा?

ब्रोना : मोरीसुद्धा. मला रागवा हवं तर.

मॅनस : रागवत नाही. बरं. काढतो.

ब्रोना : डॅडी...

मॅनस : काढतो म्हटलं ना. जा तू आत, पोरं येतील शाळेतून. गवत पेरायचं तर मे महिन्याच्या आत जागा मोकळी व्हायला हवी.